हे दोन खांब नकोत

कलाशाळेच्या तळघरात जुन्या इमारतींचे आराखडे ठेवलेले होते. ते सांभाळणाऱ्या बाईंना सगळे नकाशाबाई म्हणत. पसरट लोखंडी खणांतले कागद मागेल त्याला काढून द्यायचे आणि परत आले की जागच्या जागी ठेवायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. ओल, वाळवी आणि सात संचालक, सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या.

एके दिवशी सकाळी शिवणकाम करणारी एक म्हातारी त्यांच्याकडे आली. तिचे वडील याच शाळेत आरेखक होते. शाळेचे तेव्हाचे प्रमुख वास्तुकार, मोठे सर, पेन्सिलीने कल्पना रेखाटत आणि वडील ती शाईने पक्की करत. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या दालनातला सज्जा कोसळला आणि खाली उभी असलेली नऊ मुलं गेली. आरेखक मधले दोन खांब दाखवायला विसरला, असं चौकशीत ठरलं. दालनातल्या संगमरवरी पाटीवर मुलांच्या नावांखाली तेच कोरलं गेलं. त्यानंतर वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

म्हातारी म्हणाली, "शेवटपर्यंत सांगत होते, मी खांब दाखवले होते म्हणून. मला तो कागद एकदा बघू दे, बाई. बाकी काही नको."

संध्याकाळी या, असं सांगून नकाशाबाई कामाला लागल्या.

कागद सापडला दुपारी, तोही भलत्याच खणात, खुर्च्यांच्या नमुन्यांखाली. तेलकट, अर्धपारदर्शक कागद होता. मधले दोन्ही खांब काळ्या शाईत ठसठशीत उभे होते. त्यांच्या शेजारी तांबड्या शाईत तिरकं लिहिलं होतं, 'हे दोन खांब नकोत. दृष्टी अडते.' खाली मोठ्या सरांची लफ्फेदार सही होती.

नकाशाबाईंनी मोबाईलवर फोटो काढला. खांब उमटले. तांबड्या शाईची जागा मात्र कोरी आली. त्यांनी चार वेळा काढून पाहिलं, चारही वेळा तेच. मग तळघराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून त्या संचालकांकडे गेल्या. नव्या इमारतीला मोठ्या सरांचं नाव द्यायचं ठरलेलं होतं. मेलेल्या माणसाला उकरून कुणाचं भलं होणार आहे, बाई, राहू द्या, असं ते समजुतीने म्हणाले.

खाली परततानाच त्यांचं डोकं तापलं होतं. नऊ मुलं आणि एक आरेखक, तेही मेलेलेच होते की.

तळघरातले दिवे अधूनमधून जात, म्हणून जुना पहारेकरी कंदील घेऊन त्यांच्याबरोबर उतरला. कुलूप जसंच्या तसं होतं. कागदही टेबलावर, आरेखनाच्या फळीवर तसाच होता. पण 'हे दोन' ही अक्षरं गेली होती. तिथे कागद खरखरीत झाला होता आणि शेजारी तांबडी भुकटी पडली होती. अशा कागदावरची शाई पूर्वी दाढीच्या पात्याने खरवडून काढत. हे नकाशाबाईंना माहीत होतं.

पहारेकरी हळूच म्हणाला, "बाई... दुपारचा इथे आवाज येतो. बरीच वर्षं येतोय. खण उघडतात, मिटतात... काहीतरी शोधत असतात ते."

"कोण?"

त्याने हनुवटीने वर दाखवलं. वरच्या वऱ्हांड्यात मोठ्या सरांचं तैलचित्र होतं. मग कंदील टेबलावर ठेवून तो निघून गेला.

त्याची पावलं विरली आणि दिवे गेले. कंदिलाच्या पिवळ्या वर्तुळाबाहेर काळोख दाटला. जुन्या शाईचा आंबूस वास आला. मग अगदी जवळ, टेबलावरच, आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... मग थांबणं, आणि भुकटी उडवायला मारावी तशी एक फुंकर. नकाशाबाईंच्या मनगटावरून ती फुंकर गेली. गार होती. समोर कुणीच नव्हतं. 'खांब'मधला 'खां' मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत फिकट होत चालला होता.

त्यांची पाचावर धारण बसली. पळावंसं वाटलं. पाय वळलेही. पण सकाळची ती म्हातारी आठवली, आणि त्यांनी उजवा तळहात त्या ओळीवर दाबून ठेवला.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, या वेळी त्यांच्या हातावर. खर्र... कातडी सोलल्यासारखी आग झाली. डोळ्यांत पाणी आलं. हात हलला नाही.

"खरवडा, सर," त्या दात आवळून म्हणाल्या. "हाडापर्यंत खरवडा. कागद सोडणार नाही मी."

"दृष्टी... अडते..." कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

"अडू दे. नऊ पोरं जगली असती."

त्यांनी डाव्या हाताने कागद फळीसकट उचलला. उजवा तळहात तसाच दाबलेला ठेवून त्या अंधारात जिना चढू लागल्या. प्रत्येक पायरीला मागून फळी ओढली जात होती. दोनदा त्या गुडघ्यांवर पडल्या. आराखडा तळघराबाहेर न्यायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता. तो त्यांनी मोडला.

वर दालनात नामकरणाच्या तयारीसाठी जमलेले संचालक होते, चार शिक्षक होते आणि वेळेआधीच येऊन पाटीखाली बसलेली ती म्हातारी होती. नकाशाबाईंनी सगळ्यांच्या मधोमध फळी ठेवली आणि तळहात काढला. 'हे दोन' गेलं होतं, 'खांब' पुसट झालं होतं. 'नकोत' मात्र होतं, 'दृष्टी अडते' होतं आणि सहीही होती. आधी म्हातारीने ते मोठ्याने वाचलं, मग तिने संचालकांना वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. काय दिसलं ते तिथल्या तिथे लिहून काढून सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

म्हातारीने खांबांवरून बोट फिरवलं. "बाबांची रेघ," एवढंच ती बोलली.

महिन्याभरात पाटीवरची ती ओळ छिन्नीने उडवली गेली. नव्या इमारतीला मोठ्या सरांऐवजी त्या नऊ मुलांच्या स्मरणार्थ नाव दिलं गेलं. नकाशाबाईंच्या हातावर पातळ, गुलाबी कातडी आली.

पहिल्या तारखेला त्या तळघरात येणाऱ्या वाचकांची नोंदवही चाळत बसल्या होत्या. कागद सापडला त्या दिवसाच्या तारखेखाली एक नोंद होती, तांबड्या शाईत, लफ्फेदार सहीची. आत आल्याची वेळ, दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर गेल्याची वेळ लिहायचा रकाना रिकामा होता.

नकाशाबाईंनी तळघराच्या काळोख्या कोपऱ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं. मग वही मिटली, बाह्या वर केल्या आणि मोठ्या सरांच्या आराखड्यांचा पुढचा खण उघडला.