रेघ खोटं बोलत नाही

“सुनेच्या हातची गोळी. कोण जाणे काय चारलं असंल!” दवाखान्याच्या बाकावर शेजारची बाई पुटपुटली.

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या रंजिता कडू हिनं मान वळवली नाही. ती त्याच सुनेच्या सांगण्यावरून आली होती. इंदूरकडच्या लालबागच्या गोदाबाईंना रक्ताची उलटी झाली, जीव वाचला. पोटातल्या जंतूंवर सून भारतीनं पंधरा दिवस गोळ्या दिल्या होत्या. तरी रक्ताच्या तपासणीत पट्टीवर जंतूंची रेघ आलीच. म्हणजे गोळ्या दिल्याच नाहीत, असं डॉक्टर निरंजन म्हणाले. घरच्यांनी भारतीला दापोऱ्याला माहेरी धाडलं आणि चार वर्षांची लेक ठेवून घेतली.

डॉक्टरांनी गोदाबाईंच्या, गोळ्यांआधीची आणि नंतरची, अशा दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. “रक्ताचा थेंब, दहा मिनिटं. रेघ खोटं बोलत नाही.”

रंजिताचा सहायक विपुल कंबर धरून उभा होता. “मॅडम, तुमच्या स्कूटरनं वाट लावली माझी.”

डॉक्टरांनी लगेच कागदाची पुडी बांधून त्याला दिली. सुट्या लाल गोळ्या.

“गोळीचं नाव काय?” रंजितानं विचारलं.

“नाव कशाला? आराम पडेल.”

घरी गोदाबाई उकिडव्या बसून नातीला भरवत होत्या. कोपऱ्यातल्या काठीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

“गुडघे बरे झाले, मावशी?”

“दिवाळीपासून एकदम ठीक.”

“दुसरं काही औषध?”

“काही नाही.” त्यांनी नजर वळवली.

मुलगा दीपक म्हणाला, “दिल्या म्हणते ती. पण रिपोर्ट तर पॉझिटिव्ह आला ना!”

“तुमची झाली कधी तपासणी?”

“दो साल पहले. दवा घेतली. यंदा शिबिरात परत रेघ आली, म्हणून इंदूरला पोटात दुर्बीण टाकून बघितलं. जंतू-बिंतू काहीच नव्हतं.”

“मग तुम्हालाही बायकोनं गोळ्या दिल्या नव्हत्या वाटतं?”

दीपकनं लेकीला उचलून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी रंजितानं डॉक्टरांना आणि भारतीला तिथंच बोलावलं.

“ही पट्टी जंतू शोधत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “जंतूंशी लढायला रक्तानं जे तयार केलं, ते शोधते. जंतू मेले तरी ते वर्षानुवर्षं राहतं. दीपकभाऊंच्या रक्तात राहिलं, तसंच मावशींच्या. भारतीनं गोळ्या दिल्या की नाही, हे ही पट्टी सांगूच शकत नाही. आणि त्या पट्टीवरून तुम्ही पोरीपासून आई तोडली!”

“मग रक्त कशानं पडलं?” विपुलनं विचारलं.

“काठीवर जाळं चढलंय, म्हणजे ती दिवाळीलाच सुटली. जुने गुडघे आपोआप बरे होत नाहीत. मावशी, पुडी आणा.”

गोदाबाईंनी तांदळाच्या डब्यातून पुडी काढली. “पुडीला औषध कोण म्हणतं, बाई?”

लाल गोळ्या. विपुलचा हात खिशाकडे गेला.

“दुखणं मारणाऱ्या गोळ्या,” रंजिता म्हणाली. “रोज, महिनोन्‌महिने, न विचारता. पोटाला जखम या गोळ्यांनी केली.”

“सगळेच देतात,” डॉक्टर म्हणाले.

“जाऊ द्या ना,” दीपक जमिनीकडे बघत म्हणाला. “डॉक्टरसाहेब आपलेच आहेत.”

भारती दारातच उभी होती. गोदाबाई उठल्या.

“का जाऊ देऊ? पोट माझं जाळलं यानं. या गोळ्यांचा मला शक होता, दीपक, अन् तुलाही. डॉक्टरशी भांडायची हिंमत नव्हती, म्हणून आपण भारतीला घराबाहेर काढलं.”