भिंतीवरची राजकन्या

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या काकाच्या बाबतीत घडलंय. इथेच, रोममध्ये. सॅटर्नेलियाच्या सणाचा आदला दिवस. अंधारही पडला नव्हता.

वारेनसकाका मूर्तिकार. मार्सच्या मैदानातली ती लांबलचक भिंत त्यानेच घडवलेली. तिच्यावर कोरलेली सम्राटाच्या घराण्याची मिरवणूक. बापांमागे मुलं, मुलांमागे नातवंडं... बघणाऱ्याने समजून जावं, की ही गादी कधी रिकामी राहणार नाही.

त्यात आईचं वस्त्र धरून चालणारी एक छोटी राजकन्या होती. खरी राजकन्या काकासमोर थोडीच येऊन बसणार? त्याने तिला आपल्याच मुलीचा चेहरा दिला. वारेनाचा. भिंतीचं काम चालू असतानाच ती खोकल्याने गेली, असं काका सांगतो.

श्रीमंतांकडे मेलेल्यांचे मेणाचे मुखवटे असतात. काकाकडे ही भिंत होती. येताजाता तो तिच्या गालावरून हात फिरवायचा.

मग राजकन्येच्या आईवर राजद्रोह शाबीत झाला. हुकूम सुटला. मायलेकींची आठवणसुद्धा उरता कामा नये, भिंतीवरचे चेहरेही छिलून टाका.

"घे छिन्नी," मुकादम हिलारस म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला सांग ना."

"सांगतो की. मग वरचे विचारतील, वारेनसला त्या बाईचा एवढा पुळका का? पुढचा घाव तुझ्या मानेवर बसेल, बाबा. बायकोचा तरी विचार कर."

हिलारस निघून गेला.

काकाने आधी राजकन्येच्या आईचा चेहरा छिलून टाकला. मग मुलीपुढे गुडघे टेकले.

पहिला घाव.

मागे कुणीतरी खोकलं...

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसरा घाव.

पुन्हा खोकला... या वेळी दगडातून.

काकाला हुंदका आवरेना. तरी तो घाव घालत राहिला. नाक गेलं. ओठ गेले, तसा खोकला थांबला.

मैदान एकदम शांत झालं.

घरी काकू सणाच्या मेणबत्त्या लावत होती. काका उंबऱ्यातच बसला.

"ओप्पिया, आपल्या वारेनाला माझ्याच हाताने पुसून आलो गं."

"कोण वारेना?"

त्याला वाटलं, दुःखाने बोलतेय.

"आपली मुलगी."

काकूने हातातली मेणबत्ती खाली ठेवली.

"आपल्याला मूल कुठे झालं हो?" ती म्हणाली. तिच्या आवाजात वर्षानुवर्षांची, मुरलेली खंत होती.

काका उठला तो थेट वेशीबाहेर, वारेनाच्या थडग्यापाशी धावला. दगड जागेवर होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं. हात फिरवला, तर नुसता गुळगुळीत...

काका अजून जिवंत आहे. छिन्नीला त्याने पुन्हा हात लावला नाही. हल्ली त्यालाही तिचा चेहरा नीट आठवत नाही. मी गेलो की माझा हात घट्ट धरतो.

"तिचं नाक कसं होतं रे? तू तर दिवसभर तिला कडेवर घेऊन फिरायचास."

मी त्याच घरात लहानाचा मोठा झालो. मला असं कुणी मूल आठवत नाही. आणि खरं सांगतो, मला भीती वाटते ती याचीच.