कॉल चालू आहे

सिम बदलायला निघाले होते, एवढंच. भर दुपारी. कीलुंग बंदरात नेहमीचा भुरभुर पाऊस चालला होता आणि दुकानदार दारापुढे टेबलं मांडून वारलेल्यांसाठी ताटं वाढत होते. चांद्र पंचांगाचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात गेलेले घरी येतात आणि महिना सरला की परत जातात.

माझा फोन लिनक्सचा. धाकट्या भावानं, तिंग-आननं, हौसेनं बसवून दिलेला. रोज सकाळी काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप करून त्याचं मोडेम उठवायचं, मग चहा घ्यायचा. दुपारपर्यंत बॅटरी संपते. कॉल पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. आणि एकदा झोपला की फोन आला तरी वाजत नाही. गेल्या वर्षी तिंग-आन शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा हॉस्पिटलमधून सहा कॉल आले. हा पठ्ठ्या घोरत राहिला. मला सकाळी कळलं.

"आता आई वृद्धाश्रमात आहे," काल थोरली बहीण म्हणाली. "परत तसंच झालं तर? फेक तो डबा."

"नाही फेकणार. त्याच्या हातचा आहे."

"मग कपाटात ठेव. सिम नव्यात घाल."

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

फोनच्या दुकानातल्या मुलीनं जुन्याची पाठ उघडली, सिम काढून नव्यात घातलं, उरलेले सुटे भाग माझ्या पिशवीत टाकले आणि जुना फोन हातात दिला.

तो वाजला.

पडद्यावर तिंग-आनचं नाव होतं. दुकानात हॉस्पिटलच्या फिनेलचा वास पसरला. मी फोन कानाला लावला.

"ल्येन यू-फांग..."

माझं पूर्ण नाव घेऊन हाक. या महिन्यात अशा हाकेला ओ द्यायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सहा वेळा मी ओ दिली नव्हती. सातव्यांदा गप्प बसणं मला जमेना.

"बोल," मी म्हणाले.

"उचललास एकदाचा, ताई... मी आईच्या खोलीपाशी आहे. तिला घेऊन जातो... एकट्याला करमत नाही."

माझं डोकं भडकलं. लहानपणापासून हा असाच, आवडलं ते उचलायचं आणि चालू पडायचं.

"आत पाय टाकलास तर बघ. आई माझीही आहे."

"माझ्याशिवाय ती जेवत नाही..."

"जेवते. मी भरवते. तू माझ्याशी बोल आधी. कशाबद्दलही बोल."

बोलतच बस पकडली, बोलतच वृद्धाश्रमाचा जिना चढले. आई पलंगाच्या कडेला बसली होती. अंगात बाहेर जायचा कोट, पायात चपला.

"तिंग-आन आला होता गं," ती म्हणाली. "कुणाशी तरी फोनवर बोलणं चाललं होतं त्याचं. बोलत बोलत बाहेर गेला. बोलणं झालं की येतो म्हणाला."

या गोष्टीला आज सहा दिवस झाले. मी फोन ठेवलेला नाही. त्याला शाळेतल्या मारामाऱ्यांची आठवण करून देते, त्याच्या बायकोच्या हातच्या बेचव सूपवरून चिडवते, भांडण उकरून काढते. भांडायला तो कधी नाही म्हणत नाही. चार्जर कायम लावलेला असतो. यंत्रानं नीट वागावं म्हणून इथे त्यावर खाऊचा हिरवा पुडा ठेवतात, तो थोरलीनं मुदत संपलेली नाही ना, हे बघून आणलाय. ती आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बसते. आता फेक म्हणत नाही.

"आवाज बसला तुझा, ताई..." आज तो म्हणाला. "दमलीस..."

"बसू दे. महिना संपायला नऊच दिवस राहिलेत. बघू कोण आधी दमतं."

थोरली माझी पिशवी आवरत होती. आतून तिनं एक चपटी काळी वस्तू काढली आणि माझ्यापुढे धरली.

"अगं, ही तुझ्या जुन्या फोनची बॅटरी ना?"

मी तिला हातानं गप्प केलं आणि बोलत राहिले.