एक, चार आणि सात नंबरचा खोकला

धोत्र्यांच्या वराहपालन केंद्रात कप्पे आठ, पण खोकला फक्त तीन कप्प्यांत. एक, चार आणि सात! बाकीची डुकरं ठणठणीत. आता खोकला काय नंबर वाचून आत शिरतो?

बारा वर्षांच्या तिम्मीचा संशय पहिल्या दिवसापासून एकावरच होता, कानोसावर. छताखालच्या रुळावरून सरकत डुकरांचा खोकला टिपणारा आणि नाकातले नमुने तपासणारा हा यंत्रमानव पंधरवड्यापूर्वी आला आणि पाठोपाठ खोकला सुरू झाला. बोलतो कसा गोड, आणि ऐकत असतो चोरासारखा! तिम्मीनं त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली होती.

"अप्पा, हाच रोग पसरवतोय. सगळीकडं हाच तर फिरतो!"

तिचे वडील, यल्लप्पा धोत्रे, आधीच वैतागले होते. "उद्या परत धाडतो त्याला. आज आजारी डुकरं पलीकडच्या शेडात हलवू. तिथला भीमा इकडं आणतो, गंगीशेजारी. तो तर ठणठणीत आहे."

भीमा म्हणजे गेल्या महिन्यात विकत आणलेला कोवळा नर. आणि गंगी म्हणजे तिम्मीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मादी. ती चार दिवसांत विणार होती, तिला अजून खोकला नव्हता आणि तिम्मीचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

अप्पा पलीकडं गेले. तिम्मी रुळाकडं डोळे वटारून उभी राहिली.

"संशय घ्यायला हरकत नाही, ताई," कानोसा वरून म्हणाला, "पण नीट घे. मी आठही कप्प्यांवरून जातो. मी पसरवला असता तर आठही खोकले असते. मध्ये उंच भिंती आहेत, पंखे वेगळे आहेत, म्हणजे वाराही दोषी दिसत नाही. कुणीतरी तीनच दारं उघडलीत."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते मला माहीत नाही. मी यायच्या आधीचं मी काही ऐकलेलं नाही. पण जंतू कसा शिरतो ते सांगतो. श्वासनलिकेत पक्ष्माभिका (सतत हलणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस) असतात. धूळ आणि जंतू त्या झाडून बाहेर लोटतात. हा लबाड जंतू नेमका त्यांनाच चिकटतो आणि त्यांना निकामी करतो. झाडूच मोडला की केर आत साचणार, जनावर खोकणार. मग नाकाला नाक लागलं की जंतू दुसऱ्यात."

"हॅ! मग आजारी जनावर आधी दिसलं नसतं का?"

"नाही ना! जंतू शिरल्यावर खोकला यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. याला अधिशयन काळ म्हणतात. काही जनावरं तर जंतू बाळगूनही खोकत नाहीत. म्हणून नव्या जनावराचं विलगीकरण (काही आठवडे वेगळं ठेवणं) करायचं."

नाकाला नाक! तिम्मीला एकदम भीमा आठवला.

धोत्र्यांच्या घरची रीतच होती. नवं जनावर आलं की त्याच्या कपाळाला हळद लावायची आणि थोरल्या माद्यांच्या नाकाला त्याचं नाक लावायचं, म्हणजे कळप त्याला आपलं म्हणतो. या खेपेला अप्पांनी भीमाला थेट पलीकडच्या शेडात कोंडलं. तिम्मीला फार वाईट वाटलं. पाहुणा आला आणि साधी हळदसुद्धा नाही? तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा दाखवत भीमाला गुपचूप इकडं आणलं. थोरल्या माद्या तीन होत्या. एक, चार आणि सात नंबरमध्ये.

म्हणजे चोर आपल्याच घरात! आणि तेवढ्यात अप्पा भीमाला घेऊन गंगीच्या दाराशी पोचलेसुद्धा. बोलावं तर आपली चोरी उघडी पडणार, गप्प बसावं तर गंगी आणि तिची पिल्लं आजारी पडणार. अप्पांनी कडीला हात घातला.

"अप्पा, नका उघडू!" तिम्मी किंचाळत धावली. "मीच त्याचं नाक लावलं तिघींना! कानोसानं काही नाही केलं!"

अप्पांनी कडी सोडली. कानोसानं लांब हात खाली सोडला, कापसाच्या बोळ्यानं भीमाच्या नाकातला नमुना घेतला आणि दहा मिनिटांत निकाल सांगितला. ठणठणीत भीमाच्या अंगात जंतू होता.

तिम्मी मान खाली घालून रडत होती. अप्पांचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला.

"रीत मीच शिकवली की गं तुला. पण भीमाला वेगळं का कोंडलं, ते मी कुठं सांगितलं?"

भीमा आल्या पावली परत गेला. पशुवैद्यांनी आजाऱ्यांना औषध दिलं, पिल्लांसाठी लस मागवली. थंडीसाठी गच्च बांधलेले पडदे कानोसानं सैल करवले. कोंदट जागेत मुतातून अमोनिया (डोळे झोंबवणारा वायू) साठतो आणि पक्ष्माभिका आणखी दुबळ्या होतात, म्हणून. हळद आता तीस दिवसांनी, तपासणी झाल्यावर लावायची ठरली.

चौथ्या दिवशी गंगी व्याली. अकरा पिल्लं! अप्पा पलीकडच्या शेडातून धावतच आले. दारात तिम्मी आडवी उभी होती.

"कुठून आलात?"

"आजारी डुकरांना औषध देऊन. अगं, सरक की, पिल्लं बघू दे!"

"बूट तेच?"

अप्पांनी खाली पाहिलं.

"कपडे? हात?"

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"असाल," तिम्मी म्हणाली, "पण आंघोळ करून या."