सातवीणच्या चढावरचे हात

भूपाल मगदूमांना आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, तो म्हणजे पुट्टीचा. पत्र्यावरचा पोचा ठोकून काढायचा सोडून त्यात पुट्टी भरायची, वरून रंग मारायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बघा, नवीकोरी! असलं डेंटिंग करणाऱ्याला ते माणसात धरत नसत. म्हणून तर पद्मजानं, त्यांच्या भाचीनं, तिच्या प्रयोगशाळेतला ताणवाचक त्यांना वापरायला आणून दिला, तेव्हा सहासष्टाव्या वर्षी हा गृहस्थ चार दिवस जेवायचंसुद्धा विसरला होता.

डब्याच्या झाकणाएवढं यंत्र. पत्र्यावरून हळूहळू फिरवलं की ते माणसाला ऐकू न येणारा आवाज धातूत सोडी, आणि परत येणाऱ्या आवाजावरून आत कुठं किती ताण अडकून राहिलाय ते पडद्यावर रंगांत दाखवी. पत्रा कारखान्यातून निघाला तेव्हा कसा होता, तेही रेखाटून देई. मग तेवढ्याच जागी, तेवढ्याच जोरानं हातोडी मारायची. अंदाजपंचे काही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भूपालरावांचा हात आधीच नावाजलेला. यंत्र आल्यावर तर बोलायलाच नको.

सध्या त्यांनी हातात घेतलेली गाडी त्यांच्या वडिलांची होती. तात्यांची पांढरी अँबॅसडर, गारगोटी-कोल्हापूर रस्त्यावरची टॅक्सी. तात्या गेल्यावर ती गोठ्यात पडून राहिली, आणि दरम्यान जग पुढं गेलं. आता रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या आपल्या आपण चालत. स्टिअरिंग हा शब्दही नव्या पोरांना समजावून सांगावा लागे. हौशी लोकांसाठी सरकारनं एक खिडकी तेवढी उघडी ठेवली होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी सहा ते दुपारी एक, जुनी गाडी हातानं चालवायला परवानगी. अट एकच. गाडीला मूळरूपाचा दाखला हवा. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी; एक पोचा दिसला तरी दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे गाडी जन्मभर ठोकळ्यांवर चढवून ठेवायची.

सहा वर्षं खपून भूपालरावांनी गाडी उभी केली. इंजिन, चाकं, गाद्या, सगळं झालं. डिकीचं झाकण तेवढं राहिलं होतं. तपासणी शुक्रवारी होती. सोमवारी सकाळी त्यांनी झाकणावरून ताणवाचक फिरवला, हातोडी उचलली आणि मागून पद्मजा ओरडली, "मामा, थांबा! हातोडी खाली ठेवा आधी!"

"काय झालं गं?"

"पडदा बघा."

भूपालरावांनी चष्मा वर केला. नेहमी पोच्याच्या जागी नुसता लाल डाग दिसायचा. आज मात्र पडद्यावर हात उमटले होते. तळहात, बोटं, अंगठे. एकावर एक, शेजारी शेजारी, झाकणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका पंजाला करंगळीच नव्हती. एका मनगटापाशी पाटलीची बारीक धार रुतलेली दिसत होती.

"जोरानं दाबलं की पत्रा परत वर येतो," पद्मजा म्हणाली, "पण पुरता नाही. आतले कण जरासे सरकतात, ते सरकलेलेच राहतात, म्हणून बारीक पोचे उरतात. ही माणसं गाडी ढकलत होती, मामा. यंत्राला अकरा जोड्या सुट्या ओळखू येतायत, बाकीचे एकात एक मिसळलेत."

भूपालरावांनी हातोडी खाली ठेवली आणि स्टूल ओढून बसले. आई त्यांना लहानपणी चिडवायची, "तुला मी नाही, सातवीणच्या लोकांनी जन्माला घातलंय." दिवस भरलेली आई, कोल्हापूरचा दवाखाना लांब आणि वाटेतल्या सातवीण गावच्या चढावर गाडी बंद. गावानं ढकलून चढ पार करून दिला, नाहीतर आई वाचली नसती आणि पोरगंही. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, की तिच्यात खरी माणसं होती हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"हेच ते हात," ते म्हणाले.

"मामा, दिवस कुठला ते यंत्राला कळत नाही. ढकललं एवढंच कळतं."

पण मामा ऐकत होते कुठं! डोळ्यांना पंचा लावून बसले होते. ठोकावं तर हात कायमचे पुसले जाणार. न ठोकावं तर सहा वर्षं पाण्यात, आणि तात्यांची गाडी पुन्हा कधी रस्त्याला लागणार नाही. दोन दिवस त्यांनी हातोडीला हात लावला नाही. पद्मजाचं मत स्पष्ट होतं. असा नमुना जगात दुसरा नसेल, झाकण काढून जपून ठेवा. बुधवारी भूपालराव म्हणाले, "चल, सातवीणला जाऊ. त्यातलं एखादं माणूस जिवंत असलं तर आधी पाया पडतो, मग बघू."

स्वयंचालित गाडीनं तो चढ असा काढला, की आपण चढतोय हेही कळलं नाही. गावात चौकशी केल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, हौसाक्का. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, सोप्यावर शेंगा फोडत बसली होती. भूपालराव सरळ तिच्या पायांवर डोकं ठेवून मोकळे झाले.

"आरं आरं, कुणाचा रं तू?"

"मगदूम तात्यांचा मुलगा. पांढरी टॅक्सी होती बघा आमची. सहासष्ट वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, माझी आई..."

"तात्याची टॅक्सी व्हय!" हौसाक्का खदाखदा हसली. "अरं, दर आठवड्याला हितंच बंद पडायची की ती! इंजिनातल्या पंपाचा पडदा बदल म्हणून माझ्या मालकांनी शंभरदा सांगितलं आसंल. पर तुझा बा पक्का चिकट! हॉर्न वाजिवला की आम्ही समजायचो, आला मगदूम. हातातलं टाकून पळायचो."

भूपालरावांचा चेहरा उतरला. "पण त्या दिवशी आत माझी आई होती. अडलेली."

"आसंल बाबा. कंदी म्हातारं आजारी आसायचं, कंदी नवरी आसायची, एकदा तर निस्ती कोंबड्यांची खुराडी हुती. आम्ही काय आत वाकून बघून ढकलत हुतो व्हय?"

 गेले दोन दिवस भूपालरावांनी मनात त्या अकरा जणांची देवासारखी पूजा मांडली होती. आणि इथं कळत होतं की आपल्यासाठी खास असं कुणी काही केलंच नव्हतं. जो येईल त्याला ढकललं होतं. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण छाती अशी काही भरून आली, की त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटलं. अकरा जणांचे आभार मानता आले असते. अख्ख्या गावाचे कसे मानायचे?

मग त्यांनी झाकणाची अडचण सांगितली. पडद्यावरचे हातही दाखवले. हौसाक्कानं डोळे बारीक करून पाहिलं. करंगळी नसलेल्या पंजावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो आमचा दीर. उसाच्या चरकात गेली त्येची करंगळी." मग पाटलीच्या धारेकडं पाहून नुसतीच लाजली.

"सांगा आक्का, काय करू?"

"ठोक की! इचारतोस काय?" ती एकदम खेकसली. "गाडी फुडं जावी म्हणून ढकलली रं आम्ही. आमचं हात ठिवून गाडीच हुबी करणार आसशील, तर आमची मेहनत फुकट गेली म्हणायची."

गुरुवारी भूपालरावांनी झाकण ठोकलं. सावकाश, एकेका पंजापाशी थांबून. प्रत्येक ठिकाणी ते पुटपुटत होते, "लई उपकार झाले." एकेक हात पडद्यावरून विरत गेला. पद्मजाला ते बघवेना; ती दारात पाठ करून उभी राहिली. शुक्रवारी दाखला मिळाला.

महिन्याच्या त्या शेवटच्या रविवारी त्यांनी सातवीणहून हौसाक्काला शेजारी बसवलं, पद्मजा मागं बसली, आणि म्हातारीला कोल्हापूर दाखवून, अंबाबाईचं दर्शन घडवून परत निघाले. बाई हौसेनं खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. साडेबारा वाजले, ऊन मी म्हणत होतं, आणि सातवीणच्या चढावर, माथा वीस-पंचवीस पावलांवर असताना, गाडीनं आचके दिले आणि थांबली.

"बापाचं वळण!" हौसाक्का टाळी वाजवून म्हणाली.

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला होता. विजेचा आधुनिक पंप बसवला असता तर प्रश्नच नव्हता, पण मूळरूप म्हणजे मूळरूप. भूपालरावांनी पंचा भिजवून पंपावर गुंडाळला. तरी तो निवायला अर्धा तास हवा होता, आणि एक वाजता परवानगी संपत होती. एकनंतर गाडी रस्त्यावर सापडली की दाखला रद्द, क्रेन येऊन उचलून नेणार. माथा ओलांडला तर पलीकडच्या उतारावरून गाडी नुसती घरंगळत गावात पोचली असती.

भूपालरावांनी स्टिअरिंग धरलं, पद्मजा एकटी मागून रेटू लागली. गाडी हलेना. बाजूनं स्वयंचालित गाड्या येत होत्या, अडथळा ओळखून अलगद वळसा घालत होत्या आणि निघून जात होत्या. दहा गेल्या, पंधरा गेल्या. आतली माणसं झोपलेली, नाहीतर पडद्यात गुंतलेली. भूपालरावांनी सवय नसलेल्या हातानं हॉर्न दाबला. तो आवाज ओळखणारं त्या रस्त्यावर आता कोण होतं? त्यांनी हॉर्नवरून हात काढला.

"वाजीव," हौसाक्का म्हणाली. "वाजीवत ऱ्हा."

ते वाजवत राहिले. आणि पुढं गेलेली एक निळी गाडी थांबली. दार उघडलं. तिशीतली एक बाई, इस्त्रीच्या कपड्यात, खाली उतरली. तिची गाडी मागून मंजुळ आवाजात विनवत होती, कृपया आत बसा, हे थांबण्याचे ठिकाण नाही. बाई वळून वळून गाडीकडं बघत होती, पण येत होती. तिच्यामागं आणखी एका गाडीचा वेग कमी झाला.

ती डिकीपाशी पद्मजाच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाह्या वर सारल्या, दोन्ही पंजे पुढं केले आणि त्या गुळगुळीत पांढऱ्या पत्र्यापाशी येऊन ते हवेतच थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ती असलं काही करत होती.

"ढकलते मी," ती संकोचून म्हणाली, "पण हात नक्की कुठं लावायचे?"