जखमेच्या काठावर थांबलेल्या पेशी

"गोट्या, भरली का रे जखम?"

"जशीच्या तशी आहे," भिंतीवरच्या स्पीकरमधून गोट्या म्हणाला. "शाल्मली, हाच प्रश्न तू मगाशी विचारलास. त्याच्या आधीही विचारलास."

मग काय करणार? मला नुसतं बसता येत नाही. गोट्या म्हणजे चण्याएवढा यंत्रमानव. माझ्या धाकट्या भावाने, निषादने, तो पाण्याबरोबर गिळला होता. आता तो निषादच्या आतड्यात एका जागी चिकटून जखमेवर नजर ठेवून होता आणि मी दवाखान्याच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे जरा जोरात पाऊल टाकलं की डोकं छताला लागतं. माझं लागलंच.

"शाल्मली, एका जागी बस गं बाई!" आई म्हणाली. मी रांगायला लागल्यापासून ती हेच म्हणत असावी. पण आज तिचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आम्ही राहतो चांदणवाडीत. चंद्रावरच्या एका विवराशेजारी जमिनीखाली बांधलेली ही वसाहत. गेल्या महिन्यात निषादच्या पोटात कसलेसे जंतू शिरले. औषधाने जंतू मेले, पण जाता जाता ते आतड्याचं अस्तर खरवडून गेले. ती जखम काही केल्या भरेना. निषाद खायचा आणि कळवळायचा. पुढे पुढे तो खाईनासाच झाला.

डॉ. लोखंडे म्हणाल्या, "शनिवारी पृथ्वीकडे यान जातंय. तोवर जखम भरली नाही, तर याला पाठवावं लागेल. पुढचं यान थेट वर्षाने."

आई त्याच्याबरोबर जाणार आणि मी इथे आजोबांजवळ राहणार, असं ठरलं. त्याचं मला रडू आलंच, पण खरी भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. उड्डाणाचा धक्का जबरदस्त असतो. त्या धक्क्याने जखम फुटली तर? मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "तो धोका आहेच."

मी तडक आजोबांच्या प्रयोगशाळेत गेले. आजोबा म्हणजे आईचे बाबा. पेशींचे मोठे शास्त्रज्ञ आणि तितकेच मोठे चिडके. त्यांनी निषादच्या आतड्यातल्या थोड्या पेशी घेऊन एका काचेच्या ताटलीत वाढवल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून त्या फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसायच्या. त्यांच्यामधून आजोबांनी बारीक सुईने एक ओरखडा काढला होता.

"बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. ओरखडा गायब!

"रात्रीत भरला. म्हणजे निषादच्याच पेशी काचेवर धावतात आणि त्याच्या पोटात हटून बसतात. माझं डोकं चालेनासं झालंय."

"पण पेशी धावतात कशाला?"

आजोबांना प्रश्न विचारला की त्यांचा राग निम्मा होतो. त्यांनी कागदावर बोटांसारखे उंचवटे काढले. "आतड्याच्या आतून अशी इवली इवली बोटं असतात. त्यांना म्हणायचं आंत्रांकुर (अन्नरस शोषून घेणारे उंचवटे). त्यांच्या पायथ्याशी खड्डे असतात. त्या खड्ड्यात नवी पेशी जन्मते, बोटावर सरकत सरकत वर चढते, टोकाला पोचते आणि गळून पडते. तीन ते पाच दिवसांत अस्तर जवळजवळ सगळं नवं."

"म्हणजे आतड्यात कुणीच एका जागी बसत नाही?"

"कुणीच नाही."

हे आईला सांगायचं, असं मी मनात पक्कं केलं.

"आणि जखम झाली," आजोबा पुढे म्हणाले, "तर नव्या पेशी जन्मायची वाट बघायला वेळ नसतो. काठावरच्या पेशी चपट्या होतात, पाय पुढे टाकतात आणि स्वतःला ओढत नेऊन उघडी जागा झाकतात. याला म्हणायचं पेशी-स्थलांतर (पेशींनी जागा सोडून सरकणं). आधी झाकण, मग मागून नव्या पेशींची भरती. पण गोट्याने पाठवलेलं चित्र बघ."

पडद्यावर निषादच्या जखमेचा काठ दिसत होता. पेशी ढिम्म उभ्या होत्या. एकीनेही पाय पुढे टाकला नव्हता. मला त्यांना हलवून हलवून जागं करावंसं वाटलं.

ते जमेना, म्हणून मी प्रयोगशाळेतच येरझाऱ्या घालू लागले. "हात लावू नकोस" असं आजोबा म्हणेपर्यंत मी एका बाटलीचं झाकण उघडलं होतं.

"शी! मटकी!"

"काय?"

"आजोबा, फडक्यात बांधून विसरलेल्या मटकीसारखा वास येतोय!"

आता हे सांगायला हवं. माझी आई चांदणवाडीच्या स्वयंपाकघराची प्रमुख. पूर्वी दर रविवारी ती मोड आलेल्या मटकीची उसळ करायची. पण इथे खिडक्या नाहीत, तीच हवा गाळून पुन्हा पुन्हा फिरते. फडक्यातली मटकी स्वयंपाकघरात आणि तिचा वास सगळ्या बोगद्यांत! लोक उसळ दोनदा वाढून घ्यायचे आणि वासाला नाकं मुरडायचे. सगळ्यात जोरात मुरडलं ते आमच्या आजोबांनी. त्यांनी भोजनगृहाच्या फळ्यावर लाल खडूने मोठी तक्रार लिहिली. आई इरेला पेटली. तिने मोड बंद केले आणि निर्मळ नावाचं यंत्र बसवलं. अन्नातला वास येणारा प्रत्येक रेणू ते काढून टाकायचं. तेव्हापासून आमच्या जेवणाला कसलाच वास नाही. हल्ली सगळ्यांचीच पोटं जरा नाजूक झाली होती, पण सगळे पाण्याला नावं ठेवत होते.

"या बाटलीत काय आहे?" मी विचारलं.

"पेशींचं खाद्य. यातला एक थेंब ताटलीत घालावा लागतो. यात पॉलिअमाइनं असतात. प्युट्रेसिन, स्पर्मिडिन अशी त्यांची नावं. पेशीला वाढायला आणि सरकायला लागणारे छोटे रेणू. वाढणाऱ्या प्रत्येक जिवात ते असतात. मोड फुटताना मटकीतही ते वाढतात. सगळ्या रेणूंना नाही, पण काहींना वास असतो आणि निर्मळ..."

आजोबा मधेच थांबले. मग हळूच खुर्चीत बसले.

"शाल्मली, आपण निषादचे तिन्ही दरवाजे बंद केलेत."

"कुठले तीन?"

"पॉलिअमाइनं पोटाला तीन ठिकाणांहून मिळतात. एक, अन्नातून. ती निर्मळने काढून टाकली. दोन, पोटातले चांगले जिवाणू ती बनवतात. ते जंतूंच्या औषधात मेले. तीन, पेशी स्वतःच बनवते, एका विकराच्या मदतीने (विकर म्हणजे शरीरातलं रासायनिक काम झटपट उरकणारं प्रथिन). आणि आपण सगळे रोज कवचगोळी घेतो ना?"

कवचगोळी मला माहीत होती. सूर्याकडून येणाऱ्या किरणांनी पेशी बिघडून बेफाम वाढू नयेत, म्हणून ती असते.

"ती गोळी नेमकं तेच विकर अडवते," आजोबा म्हणाले. "बाकीच्यांचं थोडक्यावर भागलं, कारण त्यांच्या पोटात जखमच नव्हती."

मी दाराकडे धावले. "चला, डॉक्टरांना सांगू!"

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "बाहेर शुक्रवारपर्यंत सौरवादळ आहे. नुसत्या अंदाजावर एवढ्याशा मुलाची गोळी मी बंद करणार नाही. आधी ताटलीत दाखवा."

तो सोमवार होता. आजोबांनी दोन नव्या ताटल्या घेतल्या. दोन्हींत कवचगोळीचं औषध घातलं. पहिलीत बाटलीतला थेंब घातला नाही, दुसरीत घातला. आता ओरखडा काढायचा, असं मला वाटलं.

"थांब. पेशींमधला जुना साठा संपायला दोन-तीन दिवस लागतील."

दोन-तीन दिवस! मी प्रयोगशाळेत गेले, दवाखान्यात गेले, पुन्हा प्रयोगशाळेत आले. निषादने मला विचारलं, "ताई, यानात खिडकी असते का गं?" मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन रडले. आईने तिची आणि त्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या बॅगेला लाथ मारावीशी वाटत होती.

गुरुवारी सकाळी आजोबांनी दोन्ही ताटल्यांत ओरखडे काढले. माझी तगमग बघून ते समजावत बसले.

"पेशीच्या कातडीत बारीक दारं असतात. पॉलिअमाइनं असली की त्यांतली काही दारं पुरेशी बनतात आणि कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम आलं की आतले प्रथिनांचे दोर ताणले जातात. दोर ताणले की पेशी स्वतःला पुढे ओढते. पॉलिअमाइनं नसली की दारं कमी, कॅल्शियम कमी, दोर ढिले."

"आणि पेशी काठावर उभी!"

"बरोबर. शिवाय खड्ड्यातल्या नव्या पेशींचा जन्मही मंदावतो."

संध्याकाळी डॉ. लोखंडेंनी स्वतः डोळा लावला. पहिल्या ताटलीत ओरखडा सकाळी होता तसाच होता. दुसरीत गोळीचं औषध असूनही पेशी दोन्ही काठांवरून निघाल्या होत्या आणि मधोमध एकमेकींना भिडत होत्या.

दाराशी आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे मीच? माझ्याच हाताने माझ्या लेकराचं..."

आजोबा उठले. "फळ्यावर लाल खडूने कुणी लिहिलं होतं? चूक माझ्या नाकाची आहे, पोरी. तू रडू नकोस." आजोबांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

डॉक्टरांनी निषादला सगळ्यात खोल, जाड भिंतींच्या खोलीत हलवलं, म्हणजे किरणं पोचणार नाहीत. त्याची गोळी बंद केली आणि पॉलिअमाइनांचं मोजून बनवलेलं पेय त्याला दिलं. "ताई, घाण वास येतोय," निषाद म्हणाला. "नाक धर आणि पी!" मी त्याच्यावर खेकसले.

शुक्रवारी दुपारी मी विचारायच्या आधीच गोट्या बोलला. "काठावरची एक पेशी चपटी झाली. तिच्या शेजारचीही. शाल्मली, पाय निघाले!"

शनिवारी सकाळी जखमेवर पातळ झाकण आलं होतं. यान गेलं. दोन जागा रिकाम्या घेऊन गेलं.

आता आजोबा पृथ्वीवरच्या डॉक्टरांशी रोज बोलतात. तिथेही कितीतरी जणांच्या आतड्यातल्या जखमा लवकर भरत नाहीत. पॉलिअमाइनं कमी पडली तर पेशी थांबतात, फार झाली तर नको तिथे वाढू शकतात. नेमकी किती हवीत, ते अजून शोधायचं आहे. आजोबा म्हणतात, त्या कामाला स्वस्थ न बसणारी माणसं लागतील.

पुढच्या काही दिवसांत निषाद बरा झाला आणि निर्मळ यंत्रही बंद झालं. कालच्या रविवारी सगळ्या बोगद्यांत मटकीचा वास होता आणि आजोबा नाकाला रुमाल लावून उसळ पुन्हा वाढून घेत होते.

जेवणानंतर मी निषादला सूक्ष्मदर्शकाशी नेलं. त्याने दुसरी ताटली खूप वेळ बघितली.

"ताई, ओरखडा कुठे होता?"

मी डोळा लावला. वर बघितलं, खाली बघितलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शोधलं. "मलाही सापडत नाहीये," मी म्हटलं, आणि इतका आनंद झाला की उडीच मारली. डोकं दाणकन छताला लागलं.

मागे आई उभी होती. तिने नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग डोळे पुसत म्हणाली, "यालाही ने बरोबर. जरा बोगद्यातून धावून या दोघं."