उलटे चढलेले आकडे

"अहो, इथे भांड्यांवर नावं घालतात. बांगड्या पलीकडच्या दुकानात," नम्रता मान वर न करताच म्हणाली.

"बांगडी नाही हो… डायल आहे."

आता तिने पाहिलं. तळहातावर पितळी कडं, नखांत काळं ग्रीस आणि चेहऱ्यावर भारी संकोच!

सुदर्शन खडकीच्या क्वार्टर्समधला. भंगार जमवून त्याने गॅलरीत धातू कापायचं स्वतःचं मिलिंग मशीन उभं केलं होतं. हे कडं हातचाकावर बसायचं. चाकाचा एक फेरा झाला की तुकडा धरणारं टेबल दोन मिलिमीटर सरकायचं. ते मोजायला कड्यावर शंभर रेषा त्यानेच आखल्या होत्या, पण आकडे कोरणं काही त्याला जमेना.

"मराठी आकडे घालू?"

"तुमच्या हातचे कुठलेही चालतील," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

वडिलांची नजर गेल्यापासून नारायण पेठेतलं हे दुकान तीच चालवत होती. तिने शून्य, दहा, वीस… झरझर कोरले, डावीकडून उजवीकडे.

चार दिवसांनी तो परत हजर.

"चाक पुढे फिरवलं की आकडे उतरतात हो! ते उजवीकडून डावीकडे चढायला हवे होते. मीच सांगायचं विसरलो."

"यात आमची पाटी कोरीच. मग आता?"

"नवं कडं कातून आणतो. मित्राचा लेथ रविवारीच मिळतो…"

सोमवारी तो आला. पायरीवर बसून चहा प्यायला, आपल्या आईच्या ठेच्याचं कौतुक करत राहिला. शून्य कोरून नम्रताने कोरणी त्याच्या डावीकडे टेकवली आणि थांबली. हे बरोबर जमलं, तर हा पुन्हा कशाला येईल?

तिने कोरणी उचलली… आणि दहाचा आकडा उजवीकडे कोरला.

त्यानंतर तो उगवला थेट नवव्या दिवशी, रिकाम्या हाताने. शेजारच्या विठोबाच्या देवळात कीर्तन रंगलं होतं. बुवा सांगत होते, देवापासून लपवाल काय, त्याला आतलं दिसतंच. तिच्याने राहवेना.

"दुसरं कडं मी मुद्दाम उलटं केलं."

"ठाऊक आहे. पायरीवरून पाहत होतो. कोरणी डावीकडे टेकवून उचललीत तुम्ही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर नीट करून दिलं असतंत. मग मी कुठल्या निमित्ताने आलो असतो?" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "त्यानंतर भोसरीत एकजण शेडमध्ये मशीनला जागा देणार होते. शनिवारपर्यंत मशीनवर मापात एक तुकडा काढून दाखव, म्हणाले. उलट्या कड्यावर माप जमेना, शनिवार गेला."

कोरणी तिच्या हातातून गळाली.

"आमचे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडायचंय. उद्या ट्रक येतोय. आम्ही सगळे अकोल्याला… तुम्हाला बरोबर चला म्हणावं, तर माझ्याकडे आहे काय?"

"विचारायचं तरी होतंत. मी…"

"नमू, कोण आलंय गं?" आतून बाबांनी विचारलं. त्यांचा हात भिंत चाचपत दाराशी आला होता.

सुदर्शन तिच्याकडे पाहत राहिला. देवळातले टाळ क्षणभर थांबले होते.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

त्याने मान हलवली, अगदी समजूतदारपणे. बाबांना त्याने नमस्कार केला, त्यांना दिसत नव्हता तरी. मग चपला घातल्या आणि तो देवळाच्या गर्दीतून वाट काढत निघून गेला.

"गेला का गं?" बाबांनी विचारलं.

तिने खाली पडलेली कोरणी उचलली आणि पुढचं भांडं ओढलं.